पट्टे सांडपाण्याचे नाहीत, वेरिओग्रामचे आहेत

समुद्रात सोडलेलं सांडपाणी कुठे पसरतं याचा, पाण्याखालच्या रोबोच्या क्षारतेच्या नोंदींवरून तुम्ही केलेला नकाशा पाहिला. त्यात रोबो गेला त्या रेघांवर सांडपाणी आणि मधल्या 40 मीटरांत जणू स्वच्छ समुद्र. हे दुखणं ओळखीचं आहे. क्रिगिंगच्या, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागेचा अंदाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला दोष देऊ नका.

रोबो खालीवर होत जातो आणि तुम्ही 2 ते 10 मीटर खोलीचे सगळे बिंदू एकाच पोत्यात भरलेत. थर पडलेल्या पाण्यात दोन मीटर खाली गेलं की क्षारता जेवढी बदलते, तेवढी कित्येकदा आडवं शंभर मीटर जाऊनही बदलत नाही. मग वेरिओग्रामची (अंतरागणिक नोंदींतला फरक किती वाढतो ते दाखवणाऱ्या आलेखाची) रेंज, म्हणजे ज्यापलीकडे दोन नोंदींचा संबंध उरत नाही ते अंतर, चार-पाच मीटर निघते आणि दोन रेघांमध्ये क्रिगिंग मुकाट सरासरीवर येतं. झाले पट्टे! मीटर-मीटरचे थर वेगळे करा, नाहीतर उभ्या आणि आडव्या अंतराला वेगळी रेंज द्या.

'दर दहावा बिंदू लपवून तपासलं, चूक नगण्य' असं लिहिलंय तुम्ही. याच आकड्याने आमचा सर्वात मोठा घात केला. वेग सेकंदाला 1 मीटर, नोंदी सेकंदाला 4. म्हणजे लपवलेल्या बिंदूचा शेजारी 25 सेंटीमीटरवर. त्याच्याकडे बघून उत्तर कुणीही सांगेल. आख्खी रेघ लपवा, मग बघा.

पोर्तुगालमध्ये फोझ दो अरेल्योच्या विसर्गनळाजवळ 'मारेस' रोबोने (लांबी 1.5 मीटर, वजन 32 किलो) घेतलेल्या क्षारतेच्या नोंदींवर क्रिगिंग झालंय. पण भोवतालची क्षारता 36 धरली तर 300 पट विरळ झालेलं सांडपाणी म्हणजे जेमतेम 0.12 चा फरक. क्षारता तापमान आणि वाहकतेवरून काढतात; ते दोन सेन्सर एका क्षणाचे जुळवले नाहीत, तर तेवढे खोटे काटे थर ओलांडतानाच उठतात.

मुंबईत वरळी-वांद्र्याच्या विसर्गनळांवर हीच कृती जशीच्या तशी उचलू नका. पावसाळ्यात माहीमच्या खाडीचं गोडं पाणीही क्षारता पाडतं, त्यामुळे जिवाणूंसाठी बाटलीतले नमुने हवेतच. शिवाय प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असला, तर तासाभराच्या फेरीत पाणी 1.8 किलोमीटर सरकतं. फेरी वीस मिनिटांची ठेवा, प्रत्येक नोंदीला वेळ जोडा. नळातून किती सांडपाणी सुटलं याचे तासागणिक आकडे मागितलात तर संबंधित कार्यालय रोजची सरासरी हातावर ठेवेल. पंप कधी बंद होता हे त्यात कुठून कळणार? तरी लेखी मागाच.

मी संख्याशास्त्राचा माणूस नाही, मॉडेल कुणाला तरी दाखवून घ्या. आणि रोबो सोडण्याआधी कोळीवाड्यात विचारा, डोल जाळी कुठे लावलीय ते. भरतीच्या तोंडाशी बांधलेल्या जाळ्यात रोबो शिरला, तर नोंदींसकट तोच हाती लागणं कठीण.