मॉरिशसची निवडणूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोव्हेंबर २०२४ मध्ये विरोधात असलेल्या नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीने मॉरिशसच्या मुख्य बेटावरील सर्व ६० जागा जिंकल्या. तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना मतेच पडली नाहीत का?

उत्तर : पडली, आणि ती एकूण मतांच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास होती. मुख्य बेटावर २० मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सदस्य निवडले जातात. मतदाराला तीन मते द्यावीच लागतात आणि बहुतेक जण ती एकाच आघाडीच्या तिघांना देतात. त्यामुळे लोकमताचा कल थोडा झुकला तरी तिन्ही जागा एकगठ्ठा जातात. १९८२ आणि १९९५ मध्येही असेच घडले होते. या वेळी तर मावळते पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघात पराभूत झाले. रॉड्रिग्स बेटाच्या दोन जागा वेगळ्या.

प्रश्न : तेथील मराठी समाजाला राखीव जागा आहे का?

उत्तर : नाही. राज्यघटनेत हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले ‘सामान्य’ असे चारच गट आहेत. कोकणातून गेलेल्यांचे वंशज गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असलेल्या या देशात आपली मराठी ओळख जपून आहेत, तरीही या हिशेबात ते हिंदूंमध्येच मोडतात. ज्या गटांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नसेल, त्यांच्या पराभूत उमेदवारांपैकी अधिक मते मिळवणाऱ्यांना जास्तीत जास्त आठ जागा दिल्या जातात. हीच ‘बेस्ट लूझर’ पद्धत. तिचा आधार अजूनही १९७२ ची जनगणना आहे, कारण त्यानंतर गटवार मोजणीच झाली नाही. अर्ध्या शतकापूर्वीच्या आकड्यांवर आजचे प्रतिनिधित्व ठरावे, हे मला अन्यायाचे वाटते. अल्पसंख्याकांना स्वातंत्र्याच्या वेळी वाटलेली भीती खरी होती, म्हणून ही तरतूद नुसती काढून टाकणेही योग्य नाही. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या ॲल्बी सॅक्स आयोगाने २००२ मध्ये पक्षांच्या मतांच्या प्रमाणात (प्रमाणशीर पद्धतीने) भरायच्या ३० जागा वाढवण्याचे सुचवले होते. तसे झाले असते, तर चौथा हिस्सा मते मिळवूनही मुख्य बेटावर एकही मतदारसंघ हाती न लागलेल्या पक्षांना सभागृहात बोलण्याइतके बळ मिळाले असते.

प्रश्न : माझा मुलगा तेथे नोकरी करतो. भारतीय नागरिक असूनही त्याला मत देता येईल का?

उत्तर : येऊ शकते. भारतासह राष्ट्रकुलातील (कॉमनवेल्थ) कोणत्याही देशाचा अठरा वर्षे पूर्ण झालेला नागरिक विहित तारखेपूर्वी सलग दोन वर्षे तेथे राहिलेला असेल, तर तो मतदार म्हणून नोंदणीस पात्र ठरतो.