तहसीलच्या सुनावणीला सीपी (सेरेब्रल पाल्सी, हालचालीवर आणि बोलण्यावर परिणाम करणारं दिव्यांगत्व) असलेल्या भावासोबत मला बसू देतील का, की वकीलच लागतो?

हो, बसता येतं, आणि वकील केलाच पाहिजे असं काही नाही. तुम्ही लिहिलंय की भावाचं बोलणं घरच्यांनाच कळतं आणि वारस फेरफारावर (जमिनीच्या नोंदीत वारसांची नावं लावण्यावर) काकांनी हरकत घेतल्यामुळे सुनावणी लागलीय. माझ्या ताईलाही सीपी आहे, अशा सुनावणीला मी तिच्यासोबत बसलेय, म्हणून सांगते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १२. त्यात कोर्टाबरोबर अर्धन्यायिक अधिकार असलेली, म्हणजे कोर्टासारखा निर्णय देणारी ऑफिसंही येतात आणि हरकतीची सुनावणी घेताना तहसीलदार तेच काम करत असतात. तारखेच्या आधीच अर्ज द्या, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स जोडा आणि नेमकं काय हवंय ते लिहा, म्हणजे बोलणं समजावून सांगायला मदतनीस, बोलायला जास्त वेळ, जिने चढता येत नसतील तर तळमजल्यावर सुनावणी. नुसतं "सहकार्य करावे" लिहिलं तर कोणी काही करत नाही. शिक्का मारलेली पोच घ्याच.

आता मुख्य गोष्ट. साहेब बहुतेक तुमच्याकडेच बघून विचारतील, "काय म्हणणं आहे यांचं?" ताईच्या वेळी तसंच झालं, मी काही बोलले नाही, तिच्याकडे बघत राहिले, तिनं तिच्या वेगानं वाक्य पूर्ण केलं आणि मग मी ते जसंच्या तसं सांगितलं, "मला माझा हिस्सा सोडायचा नाही." तिनं मान हलवली की मगच क्लार्कने लिहायचं असं ठरवून घेतलं. थोड्या वेळानं साहेब थेट तिलाच विचारायला लागले, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. सहीआधी जबाब भावाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, आणि मदतनीस कोण होता, त्यानं काय केलं हे रोजनाम्यात (सुनावणीच्या रोजच्या नोंदीत) लिहून घ्या, नाहीतर उद्या काका म्हणतील हे सगळं तुम्हीच बोललात.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. त्या जमिनीत तुमचंही नाव लागणार असेल तर कलम १३ नीट वाचा. मालमत्तेच्या व्यवहारात मदतनीसाचा आणि दिव्यांग माणसाचा स्वार्थ एकमेकांच्या आड येत असेल तर मदतनीसानं बाजूला व्हायचं असतं. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून स्वार्थ आड येतोच असं धरून चालता येत नाही हेही तिथंच लिहिलंय. पण तुमच्या दोघांच्या हिश्श्यावरून थोडाही वाद असेल तर त्या दिवशी भावाची थेरपिस्ट किंवा जुनी शिक्षिका, ज्यांना त्याचं बोलणं कळतं, त्यांना बसवा. भावालाच विचारा त्याला कोण हवंय.

वकील हवाच असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो, महसुली प्रकरणालाही. आणि मदतनीसाला नाही म्हणाले तर लेखी कारण मागा, ते घेऊन पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.