वाचक विचारतात : अंगावरचे सहा रंग

एलजीबीटी ओळख सांगणारे इंद्रधनुषी कपडे, बिल्ले, पट्टे यांविषयी सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : शिंप्याला ‘इंद्रधनुष्याचे रंग’ एवढंच सांगितलं, तर त्याने सात पट्ट्यांचा स्टोल शिवून दिला. आता नवा शिवायचाय. कापड किती घ्यावं? (अशोक चौक)

उत्तर : शिंप्याने शाळेतलं तानापिहिनिपाजा शिवलं, त्याची चूक नाही. एलजीबीटी ध्वजात सहाच रंग असतात, तेव्हा त्यातला ‘पा’, म्हणजे पारवा, वगळा. उरले तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. तांबडा वर, जांभळा खाली. अमेरिकी कलाकार गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असा पहिला इंद्रधनुषी ध्वज केला तेव्हा पट्टे आठ होते. गडद गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो रंग गेला, पुढे फिरोजीही गेला आणि १९७९ पासून सहा पट्टे रूढ झाले.

१८० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद स्टोलसाठी चाटी गल्लीत ४४ इंची पन्ह्याचं सुती कापड प्रत्येक रंगाचं पाव मीटर घ्या. पन्ह्याच्या आडव्या बाजूने ७ सेंटीमीटर रुंदीच्या दोन-दोन पट्ट्या कापा आणि टोकाला टोक जोडा. दोन्ही कडांना एकेक सेंटीमीटर शिलाईत जातो, दिसायला ५ उरतो. सहाही कापडं एकाच जातीची असू द्या. पाच सुती आणि एक टेरिकॉट असं झालं तर पहिल्या धुण्यात सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही, आणि तो एक पट्टा फुगतो. म्हणून कापायच्या आधी सगळी कापडं वेगवेगळी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. दोरा राखाडी लावा, सहाही रंगांवर खपून जातो. आणि शिंप्याला तोंडी सांगू नका. कागदावर सहा चिंध्या क्रमाने स्टेपल करून १ ते ६ आकडे घालून द्या.

प्रश्न : तांबड्याचा रंग पिवळ्यात उतरला. मिठाच्या पाण्यात भिजवलं तरी पुन्हा तेच. (विजापूर रोड)

उत्तर : रंगाई चालू असताना मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं. तयार कापडावरचा सुटा रंग त्याने पक्का होत नाही. त्या बादलीत थोडा कमी सुटेल, पुढच्या धुण्यात परत सुटेल. व्हिनेगर, तुरटीचंही सुती कापडावर फार चालत नाही. स्वस्त सुती कापडाला बहुधा डायरेक्ट रंग दिलेले असतात, ते सुटणारच. रिअॅक्टिव्ह किंवा व्हॅट रंगाचं कापड मागा. या गावात रंगाईची भाषा समजणारे दुकानदार मिळतात, विचारायला लाजू नका.

तरी घरी पारखा. प्रत्येक रंगाचा अंगठ्याएवढा तुकडा पांढऱ्या ओल्या सुती फडक्यात गुंडाळून साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. फडक्यावर डाग आला तर ते कापड निदान पिवळ्याशेजारी तरी नको. तांबडा आणि जांभळा हे नेहमीचे गुन्हेगार. शिवून झाल्यावर धुतलेला स्टोल ओला घडी करून ठेवू नका. रंग उतरतो तो बऱ्याचदा बादलीत नाही, त्या ओल्या घडीत. वाळत घालायचा तो उलटा करून, सावलीत. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात चमकणारे फ्लोरोसंट रंग सगळ्यात आधी विटतात, तेव्हा ते घेऊच नका.

प्रश्न : इंद्रधनुषी काही घातलं तर इथे कुणाला कळेल का? कळावं असंही वाटतं आणि भीतीही वाटते. (होटगी रोड)

उत्तर : बहुतेकांना कळणार नाही. गड्ड्याच्या जत्रेतल्या फिरक्यांपासून लहान मुलांच्या झबल्यांपर्यंत सगळीकडे हेच रंग आहेत. सात रस्त्यावर तुमचा सहारंगी पट्टा म्हणजे नुसता रंगीत पट्टा. ज्याला भीती वाटते त्याची यात सोय आहे, ज्याला दिसायचंय त्याची पंचाईत. म्हणून वस्तू निवडण्याआधी ठरवा, कळायला कुणाला हवं?

फक्त जाणणाऱ्याला कळावं असं असेल तर बॅगेवर २५ मिलिमीटरचा बिल्ला किंवा घड्याळाचा नायलॉन पट्टा पुरे. ट्रान्स ध्वजाचे रंग (फिकट निळा, गुलाबी, मधे पांढरा, पुन्हा गुलाबी, फिकट निळा) तर त्याहून कमी लोक ओळखतात. अमेरिकी ट्रान्स कार्यकर्त्या मोनिका हेल्म्स यांनी १९९९ मध्ये तो केला. वर-खाली कसाही धरला तरी सारखाच दिसतो, त्यामुळे उलटा लागायची धास्ती नाही.

सगळ्यांना कळावं असं असेल तर रंगांचा क्रम आणि आडवे पट्टे दोन्ही सांभाळा. क्रम मोडला की ते नुसतं रंगीबेरंगी होतं. उभे पट्टे लांबून पंचशील ध्वजासारखे वाटू शकतात. सोबत छातीवर मराठीत चार शब्द छापून घेतले तर शंकाच राहत नाही.

या दोन्हींच्या मधली एक युक्ती आम्हाला सगळ्यात आवडते : बाहीच्या आतून पट्टी. साध्या शर्टाच्या कफाला आतल्या बाजूने ६ सेंटीमीटर रुंदीची सहारंगी पट्टी लावून घ्या, प्रत्येक रंग दिसायला १ सेंटीमीटर. बाही दुमडली की दिसते, सोडली की शर्ट साधा. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने आहेत, कॉलर-कफला वेगळ्या रंगाची पट्टी लावणं त्यांच्या कारागिरांच्या हातातलं काम आहे. फक्त पट्टीच्या आत जाड कॅनव्हास घालू नका, दुमडताना कफ फुगतो.

प्रश्न : आपल्याकडच्या मागावर सहा रंगांचा पट्टा थेट विणून मिळेल? (एमआयडीसी, अक्कलकोट रोड)

उत्तर : एकट्यादुकट्या स्टोलसाठी नाही. उभे पट्टे ताण्यात (लांबीच्या धाग्यांत) घालायचे तर सगळा बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, त्या रंगांत भरावा लागतो, म्हणजे शेकडो मीटर कापड. आडवे पट्टे बाण्यात (रुंदीच्या धाग्यांत) घालायचे तर पेट्यांच्या यंत्रमागावर बाण्याचा धागा नेणारे साधारण चारच धोटे बसतात, पाचव्या-सहाव्या रंगाला माग थांबवून धोटा बदलावा लागतो. हातमागावर मात्र सहा धोटे शेजारी ठेवून विणता येतं. ओळखीचा विणकर असेल तर त्यालाच विचारा, आणि सूत पक्क्या रंगाचं स्वतः नेऊन द्या.

प्रश्न : मण्यांचं ब्रेसलेट दोनदा तुटलं. (नवी पेठ)

उत्तर : ६ मिलिमीटरचे मणी, प्रत्येक रंगाचे ५, एकूण ३०. सेंटीमीटरमध्ये १८ होतात, १६ सेंटीमीटर मनगटाला बरोबर बसतात. ०.८ मिलिमीटरची लवचिक दोरी आधी हाताने ताणून घ्या, नाहीतर आठवड्यात ढिली पडते. गाठ मारताना टोक एकाऐवजी दोनदा फिरवा, गाठीवर गोंदाचा एक थेंब टाका, आणि सुकल्यावर ती मण्याच्या भोकात सरकवा. काचेच्या मण्यांची भोकं धारदार असतात, दोरी तिथेच कापली जाते. लाकडी किंवा अॅक्रिलिक मणी घ्या.

प्रश्न : पोलिसांनी हटकलं तर? (पार्क चौक)

उत्तर : असे कपडे घालणं गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमाच्या कक्षेतून बाहेर काढले. त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या निकालात, पोशाखातून लिंगओळख व्यक्त करणं हे घटनेच्या १९(१)(अ), म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली येतं असंही म्हटलं आहे. कुणी अंगावर आलं तर ११२, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. नोकरीच्या ठिकाणी गणवेशाचा नियम असेल तर तो पाळावा लागतो. तिथे आधी विचारून ओळखपत्राच्या दोरीवर भागवा.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. बॅगेला असा बिल्ला लावते. तिला विचारू का? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : बिल्ला मैत्रिणीला पाठिंबा म्हणूनही लावतात, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नका. पाहुण्यांसमोर तर मुळीच विचारू नका. ‘छान आहे, कुठून घेतलास?’ एवढं पुरे, सांगायचं असेल तर ती सांगेल. आणि तिचा तो फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

प्रश्न : पुण्याच्या प्राइडला जायचंय. घरून निघताना काय घालू? (बाळे)

उत्तर : साधे कपडे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाताना बाकीचं पिशवीत ठेवा, तिथे पोचल्यावर चढवा. मिरवणूक पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर रंग सुटणारा स्टोल पांढऱ्या शर्टावर घेऊ नका. चेहऱ्यावर रंगपंचमीचे रंग लावू नका. त्वचेसाठीचे फेसपेंट आणा आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा. फोटो नको असतील तर मास्क ठेवा, आणि परतीची गाडी पकडायच्या आधी आरशात कानामागेही बघा. तिथला रंग हमखास राहतो.