चोक काढला की इंजिन बंद पडतं, कार्बोरेटर नवा घ्यावा का?

पंपाचं चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन चार महिने पडून होतं, आता चोक ओढल्यावर सुरू होतं पण चोक काढला की आचके देत बंद पडतं, आणि मिस्त्री नवा कार्बोरेटर टाकायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. इतक्यात पैसे घालवू नका. तुम्ही सांगितलेलं लक्षण जवळजवळ नेहमी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड, तुंबल्याचं असतं. चोकने हवा अडते, त्यामुळे तुंबलेल्या जेटमधूनही पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि इंजिन कसंबसं चालतं. चोक उघडला की हवा पुरेशी, पण पेट्रोल कमी.

माझ्या इंजिनाचंही एकदा अगदी हेच झालं होतं. प्लग बदलला, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, आणि दोष निघाला कार्बोरेटरखालच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये.

इंजिन पूर्ण गार असताना, उघड्यावर बसून काम करा. आसपास विडी-सिगारेट, शेगडी काही नको. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीकडून येणारं पेट्रोल अडवणारी तोटी, बंद करा, प्लगची टोपी काढून ठेवा. बाऊलखालचा बोल्ट बहुतेक इंजिनांत 10 च्या पान्याने खुलतो. खाली भांडं धरा. जुन्या पेट्रोलला रंगासारखा उग्र वास येतो आणि तळाशी पिवळट चिकट थर दिसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओलावा ओढून घेतं, मग तळाला पाण्याचे थेंबही सापडतात.

आता मधोमध असलेला पितळी मेन जेट बरोबर बसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरने काढा. पितळ मऊ असतं, खाच एकदा झिजली की पंचाईत होते. जेट उजेडासमोर धरा. भोक साफ असेल तर गोल, लख्ख ठिपका दिसतो. नाहीतर अंधार किंवा चंद्रकोर. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार फिरवा आणि हवा मारा, डोळ्यांवर चष्मा ठेवून. सुई किंवा स्टीलची तार मुळीच घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं तरी इंजिन कायम जास्त पेट्रोल खाईल आणि प्लग काळा करेल. जेटच्या वरची भोकंभोकं असलेली नळी आणि बाजूचा पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल देणारा छोटा जेट, हेही असेच साफ करा. बाऊलचं रबरी सील फुगलं असेल तर बदला. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका, नाहीतर आठवड्याभरात पुन्हा तेच.

सुरू करण्याआधी इंजिन सपाट जागी ठेवून ऑइल बघा. हे विसरू नका. कॉक उघडाच राहिला आणि फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी) नीट बसली नाही, तर पेट्रोल झिरपत ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ते ऑइल लगेच बदला. पातळ झालेल्या ऑइलवर चालवलं तर आतले भाग घासले जातात. एरवी नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण 20 तासांनी आणि पुढे दर 100 तासांनी बदलायचं असतं, तरी तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा पाळा. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑइल चोळून पिळून बसवा. कागदी फिल्टर मात्र धुऊ नका.

आणि एक सवय आजपासून लावा. पंपाचं काम संपलं की स्विचने बंद न करता आधी कॉक बंद करा आणि बाऊलमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबू द्या. महिन्याहून जास्त ठेवायचं असेल तर बाऊलचा ड्रेन स्क्रू ढिला करून उरलंसुरलं काढा, टाकी रिकामी करा. शेवटी दोरी हळूहळू ओढा आणि हाताला जोर लागायला लागला की तिथेच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, ओलसर हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.

एवढं करूनही चोकशिवाय चाललं नाही, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट बघा. तिथून हवा ओढली जात असेल तरी हेच लक्षण दिसतं, आणि नवा कार्बोरेटर टाकूनही ते जाणार नाही.