वाचकांचे प्रश्न : परीक्षा रद्द झाली, न्याय झाला का?

प्रश्न : माझी बहीण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात राहते. तेथील थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नामांकित सरकारी विद्यालयाने प्रवेशपरीक्षा रद्द केली, हा आशियाई मुलांवर अन्याय नव्हे का?

उत्तर : हे विद्यालय चालवणाऱ्या फेअरफॅक्स काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शाळामंडळाने २०२० मध्ये परीक्षा व अर्जाचे शुल्क रद्द केले आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला आठवीच्या पटसंख्येच्या दीड टक्का इतक्या जागा दिल्या, अर्ज तपासणाऱ्यांना विद्यार्थ्याचे नाव किंवा वंश कळत नाही. पहिल्याच वर्षी प्रवेश मिळालेल्यांत आशियाई मुलांचा वाटा सुमारे ७३ वरून ५४ टक्क्यांवर आला, आणि त्या पालकांचे दुःख खोटे नाही. तरीही मी हा बदल न्याय्य मानते, कारण महागड्या शिकवण्या न परवडणाऱ्या घरांतील मुले, त्यांत गरीब आशियाईही, आत येऊ लागली. संघीय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये धोरण वैध ठरवले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला.