वाचकांचे प्रश्न : फॉरमॅट करूनही लॅपटॉप पुन्हा का रेंगाळतो?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६ साली घेतलेला आहे. त्यात ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क असून विंडोज १० चालते. सुरू केल्यापासून काम करण्याजोगा होईपर्यंत आठ-नऊ मिनिटे जातात, वर्डमध्ये टाइप केलेली अक्षरे मागाहून उमटतात आणि ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की माउसचा बाणही अडखळतो. वर्षभरात दोनदा फॉरमॅट करून घेतला. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस बरे गेले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता तिसऱ्यांदा फॉरमॅट करावे, रॅम वाढवावी की नवाच लॅपटॉप घ्यावा? व्हायरस तर नसेल ना? कुटुंबाचे सगळे जुने फोटो याच लॅपटॉपवर आहेत.

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. बाकी काहीही करण्यापूर्वी ते फोटो दुसऱ्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्या आणि त्यांतले पाच-दहा दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा. रेंगाळणारी हार्ड डिस्क नुसती जुनी असते असे नाही. पुष्कळदा ती खराब होण्याच्या वाटेवर असते, आणि अशा डिस्कवर फॉरमॅट, डीफ्रॅगमेंट किंवा ‘चेक डिस्क’ यांसारखी जड कामे बॅकअपशिवाय चालवणे म्हणजे उरलेसुरले आयुष्य त्यातच खर्ची घालणे होय.

फोटो सुरक्षित झाले की निदानाकडे वळू. लॅपटॉप सुरू केल्यावर दहा मिनिटे त्याला तसाच राहू द्या, कारण सुरुवातीला अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी यांची धावपळ असते आणि त्या वेळी दिसणारे आकडे फसवे असतात. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने दिसतील. आपण दिलेली लक्षणे पाहता माझा अंदाज असा आहे की सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत असेल, मेमरी नव्वदीच्या आसपास असेल आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के हा आकडा ठाण मांडून बसलेला असेल. या १०० टक्क्यांचा अर्थ डिस्क भरली असा नव्हे. डिस्क सतत कामात अडकली आहे, तिला क्षणाचीही उसंत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वेळी ‘परफॉर्मन्स’ या भागात डिस्कचा वाचन-लेखनाचा वेग पाहिला, तर तो सेकंदाला एक-दोन एमबी इतका क्षुल्लक दिसू शकतो. सतत राबणारी डिस्क इतके थोडे काम कसे उरकते, हे समजले की आपल्या बहुतेक शंकांचे उत्तर मिळते.

लॅपटॉपमधल्या सर्वसाधारण हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते आणि ते टोक योग्य जागी सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद जातात. हिशेब केला तर विखुरलेले तुकडे सेकंदाला साठ-सत्तरच्या वर वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना तिला हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. असे दहा हजार तुकडे धरले तरी अडीच मिनिटे नुसती तबकडी फिरण्यात जातात. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे साधी एसएसडीदेखील असे तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. एकच मोठी फाइल वाचताना दोन्हींतला फरक काही पटींचाच राहतो. विखुरलेल्या लहान फायलींच्या बाबतीत मात्र तो शेकडो पटींवर जातो, आणि आपले रोजचे काम मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे असते.

फॉरमॅटनंतर पंधरा दिवस बरे का जातात, तेही यावरून उलगडते. नव्याने भरलेल्या डिस्कवर फायली सलग बसलेल्या असतात आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्राम मोजकेच असतात. पुढे अपडेट येतात, प्रिंटरचे, बैठकांचे, क्लाउडचे प्रोग्राम एकेक करून बसतात, फायली विखुरतात आणि त्याच संथ तबकडीवर पुन्हा तोच भार पडतो. तिसऱ्यांदा फॉरमॅट करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे मला स्पष्टपणे वाटते.

रॅमचे दुखणे याला जोडूनच आहे. आजच्या ब्राउझरपुढे ४ जीबी खरोखर अपुरी पडते, आणि ती भरली की विंडोज उरलेला मजकूर डिस्कवरच्या ‘पेज फाइल’मध्ये नेऊन ठेवते व लागेल तसा परत आणते. टाइप केलेले अक्षर मागाहून उमटते ते बहुधा या ये-जा करण्यामुळे. म्हणून मी एसएसडी आणि ८ जीबी रॅम हे दोन्ही बदल सुचवीन. एकच करणे शक्य असेल तर निःशंकपणे एसएसडी आधी. घेण्यापूर्वी मॉडेल क्रमांकावरून तीन गोष्टी पडताळून पाहा. रॅमसाठी मोकळी खाच आहे की रॅम मदरबोर्डवरच डाखलेली आहे, रॅम डीडीआर३एल आहे की डीडीआर४, कारण एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही, आणि एम.टू खाच, म्हणजे एसएसडीची छोटी पट्टी बसवण्याची जागा, असल्यास ती साटा या जुन्या प्रकारची एसएसडी घेते की एनव्हीएमई या नव्या प्रकारची, कारण त्या काळातल्या काही लॅपटॉपांत ती केवळ साटासाठीच असते. संभ्रम वाटला तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी २.५ इंची साटा एसएसडी हा बिनधोक पर्याय आहे.

जुन्या डिस्कची प्रकृतीही एकदा जरूर पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतो. त्यात निळ्याऐवजी पिवळी किंवा लाल खूण दिसली, विशेषतः ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीत शून्याखेरीज काही आकडा असला, तर काही जागा वाचताना डिस्क अडखळत आहे असे समजावे. वाचता न येणारी जागा डिस्क पुनःपुन्हा वाचून पाहते आणि तेवढा वेळ पडदा गोठल्यासारखा राहतो. अशा डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर काढण्याऐवजी विंडोज नव्याने बसवावी. त्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, आणि लॅपटॉप तोच राहिल्याने विंडोजचा डिजिटल परवाना साधारणतः आपोआप ओळखला जातो.

व्हायरसची शक्यता मी नाकारत नाही, पण लक्षणे त्या दिशेची नाहीत. विंडोजमधल्या डिफेंडरने एकदा पूर्ण तपासणी केली की पुरे. अधिक गंभीर बाब वेगळीच आहे. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपला लॅपटॉप २०१६ चा असल्यामुळे तो या अटीत बसणार नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करीत असाल तर या एका कारणासाठी नव्या लॅपटॉपचा विचार करणे योग्य ठरेल. लिहिणे, वाचणे आणि फोटो पाहणे एवढेच काम असेल, तर एसएसडी बसवून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली घालावी. त्यात मराठी टाइप करता येते, ब्राउझर नेहमीचेच चालतात आणि सुरक्षेचे अपडेटही मिळत राहतात. चांगल्या कळफलकाचा, धडधाकट लॅपटॉप केवळ संथ तबकडीपायी टाकून द्यावा, हे मला पटत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला तीनच वर्षे झाली आहेत. एसएसडी आहे, रॅम ८ जीबी आहे. सकाळी तो झटपट सुरू होतो, पण अर्ध्या-पाऊण तासाने पंखा घोंघावू लागतो आणि सगळेच मंदावते. फॉरमॅट करावे का?

उत्तर : नको. वेळेनुसार येणारा संथपणा हा बहुतांशी उष्णतेचा असतो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला, आणि पुष्कळ प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. खात्री करून घ्यायची असल्यास टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात सीपीयूच्या आलेखाखाली लिहिलेला वेग सकाळी आणि पुन्हा लॅपटॉप मंदावल्यावर पाहा. जोराचे काम चालू असतानाही तो शेजारी दिलेल्या मूळ वेगाच्या बराच खाली उतरला, तर निदान जवळपास झाले. एक अपवाद म्हणजे अडॅप्टर. तो न ओळखला गेल्यासही काही लॅपटॉप वेग कमी करतात. पण तसे असेल तर मंदपणा सकाळपासूनच दिसेल.

आतून पंखा आणि त्यापुढच्या धातूच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून फुंकर घालून तो निघत नाही, उलट अधिक घट्ट होतो. लॅपटॉप बंद करून, खालचे झाकण काढून, बॅटरीची जोडणी सोडवून तो थर मऊ ब्रशने उचलून काढावा लागतो. हवेचा झोत मारायचा असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वेगाने फिरून बिघडते. प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, वाळला असल्यास त्याच वेळी बदलून घ्यावा. हे काम सवयीचे नसेल तर जाणकाराकडून करून घेणेच बरे. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम करण्याची सवय मात्र आजच सोडा, कारण हवा आत घेण्याची जाळी सहसा खालच्या बाजूलाच असते. झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, तर लॅपटॉप वापरणे त्या क्षणी थांबवा.

प्रश्न : संगणक ‘स्वच्छ’ करून वेग वाढवणारे प्रोग्राम घ्यावेत का? मी रोज रात्री लॅपटॉप शट डाउन करते, तरी आठवड्याभरात तो जड होतो.

उत्तर : घेऊ नयेत. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ केल्याने जाणवेल इतका वेग वाढत नाही, उलट एखादी आवश्यक नोंद पुसली जाण्याचा धोका असतो. आणि असा प्रोग्राम स्वतःच सतत चालू राहून रॅम अडवतो. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवलेले असतील तर एक काढून टाका.

आपल्या दुसऱ्या निरीक्षणामागे खरे कारण आहे. ज्या लॅपटॉपांत विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असते, त्यांत शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. त्यामुळे एखाद्या बिघडलेल्या ड्रायव्हरने (यंत्राचा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामने) अडवलेली मेमरी दिवसेंदिवस तशीच राहू शकते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखाखाली ‘अप टाइम’ पाहा. रोज बंद करूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसेल. ‘रीस्टार्ट’ या पर्यायाने मात्र सारे नव्याने सुरू होते, म्हणून आठवड्यातून एकदा तो वापरावा. त्यानंतर ‘स्टार्टअप’ भागात जाऊन, ज्या प्रोग्रामांची नावे आपण ओळखता आणि जे सुरुवातीलाच लागत नाहीत, तेवढे ‘डिसेबल’ करा. आवाज, टचपॅड आणि सुरक्षा यांच्याशी संबंधित नोंदींना हात लावू नका.