इम्प्लांट टायटॅनियमचा आहे तरी दोन वर्षांत दोनदा स्क्रू सैल झाला, असं का? पुढे तुटेल का, आणि तुटला तर काय?

तुम्ही लिहिलंय की खालच्या दाढेचा इम्प्लांट आहे, वरची कॅप हलायला लागली, डॉक्टरांनी स्क्रू टाइट करून दिला आणि आठ महिन्यांत परत तेच. मी डेंटिस्ट नाही, मेकॅनिकलवाला आहे, काही वर्षं इम्प्लांटच्या फटीग टेस्टिंगचं (पुन्हा पुन्हा भार देऊन कधी तुटतो ते बघायचं) काम केलंय, त्यामुळे तोंडात काय चाललंय ते तुमचे डॉक्टरच बघतील, मी फक्त धातूच्या बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट, टायटॅनियम कमजोर असतं म्हणून असं झालेलं नाही. गडबड बहुतेक वेळा जोडात असते. हाडातला इम्प्लांट, त्यावर बसणारं अबटमेंट (कॅपला आधार देणारा मधला तुकडा), आणि दोघांना धरून ठेवणारा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू. आपल्याला वाटतं स्क्रू म्हणजे खिळ्यासारखा, तोच सगळा भार घेतो. तसं नाहीये. स्क्रू टाइट केला की तो किंचित ताणला जातो, रबरबँड ताणल्यासारखा, आणि त्या ताणाने दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. याला प्रीलोड म्हणतात. हा दाब शाबूत आहे तोवर तुम्ही चावता ते बळ मुख्यतः दोन भागांच्या टेकलेल्या पृष्ठभागातून खाली जातं, स्क्रूच्या वाट्याला त्यातला थोडाच हिस्सा येतो. दाब गेला की जोडात फट उघडमीट करायला लागते आणि मग प्रत्येक घासाला स्क्रू वाकतो, सरळ होतो, वाकतो, सरळ होतो. तार हाताने वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तेच, फक्त फार सावकाश.

आता गंमत बघा, डॉक्टर टॉर्क रेंचने, म्हणजे पिळण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्याने, ३०-३५ न्यूटन-सेंटिमीटर लावतात (आकडा सिस्टिमप्रमाणे बदलतो), पण त्यातला साधारण ९० टक्के टॉर्क नुसत्या घर्षणात जातो, दाब तयार होतो तो उरलेल्या दहाएक टक्क्यांतून. वर आणि पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दाबाखाली चेपतात आणि टाइट केल्यावर थोड्याच वेळात प्रीलोडचा २ ते १० टक्के भाग निघून जातो. म्हणून दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा तेवढ्याच टॉर्कने टाइट करायची पद्धत आहे. वेळ वाचवायला ही पायरी गाळली जाते आणि माझ्या मते नेमकी तीच गाळायची नसते. पण म्हणून "जरा जास्त पिळा" असंही सांगू नका हां, जास्त पिळला की स्क्रू कायमचा लांबतो आणि मग धरतच नाही.

टेस्ट कशी होते ते सांगतो म्हणजे दाढेचं गणित कळेल. आयएसओ १४८०१ नावाचं स्टँडर्ड आहे. इम्प्लांट ३० अंश तिरका धरायचा, तोही ३ मिलिमीटर हाड झिजलंय असं मानून तेवढा उघडा ठेवून, आणि पकडीपासून ११ मिलिमीटर वर भार द्यायचा. म्हणजे वाकवणारी तरफ साडेपाच मिलिमीटरची. कोरड्यात ५० लाख वेळा, किंवा ३७ अंशाच्या मिठाच्या पाण्यात २० लाख वेळा. पाण्यात सेकंदाला दोनच ठोके चालतात, म्हणजे एका नमुन्याला साडेअकरा दिवस मशीन टकटक करत बसतं, रात्री लॅबमध्ये एकटं असलं की तो आवाज डोक्यात जातो. भार सरळ उभा दिला असता तर बहुतेक काहीच तुटलं नसतं. तिरका भार आणि लांब तरफ, मारतात ते हे दोघं.

एकदा तुटलेला स्क्रू मायक्रोस्कोपखाली बघितला की विसरत नाही. पहिल्या आट्याच्या खोबणीत एक बारीक टोक, तिथून भाग गुळगुळीत होत गेलेला, त्यावर ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा ओळीमागून ओळी, आणि दुसऱ्या कडेला छोटासा खडबडीत तुकडा, तो शेवटी एका झटक्यात तुटलेला. म्हणजे तुटायच्या कितीतरी आधी तडा चालू झालेला असतो, बाहेरून काही दिसत नाही.

म्हणून तुमच्या केसमध्ये मला खटकतं ते हे, की दुसऱ्यांदाही जुनाच स्क्रू टाइट केला असणार. सैल अवस्थेत त्यावर किती महिने चावलं गेलं कुणाला माहीत. नवीन स्क्रू, तोही त्याच कंपनीचा, मागायला लाजू नका. आणि सैल का झाला हे विचारा. कॅप इम्प्लांटच्या मध्यावर आहे की एका बाजूला लटकतेय? चावताना तिलाच आधी ठोका बसतो का? रात्री दात खाता का? नैसर्गिक दाताभोवती पडदा असतो, तो दबतो आणि जास्त जोर लागला की कळवतो, इम्प्लांटला तो नसतो, त्यामुळे जोर जास्त होतोय हे तुम्हाला फार उशिरा जाणवतं.

जोडाचा प्रकारही विचारून ठेवा. ब्रॉनेमार्क या स्वीडिश डॉक्टरने १९६५ मध्ये टायटॅनियम इम्प्लांटचा पहिला पेशंट केला त्या घराण्यातल्या इम्प्लांटवर बाहेरून षटकोन असतो, उंची फक्त ०.७ मिलिमीटर, तो मुळात इम्प्लांट हाडात फिरवून बसवायला ठेवलेला, एकट्या दाढेचा वाकवणारा भार सोसायला नव्हे. आत शंकूसारखं घट्ट बसणारं कनेक्शन असेल तर हलणं बरंच कमी होतं. पण शंकूवाल्यात पातळ इम्प्लांट असला की भिंतही पातळ राहते, तिथे मग स्क्रूऐवजी भिंतच चिरू शकते. जाडीचा फरक लहान समजू नका, भरीव दांडी धरली तर वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, ३.३ वरून ४.१ मिलिमीटर केलं की जवळपास दुप्पट.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तुटला तर काय. स्क्रू तुटला तर आतल्या तुकड्यावर ताण उरलेला नसतो, त्यामुळे तो बऱ्याचदा बारीक टोकदार हत्याराने किंवा अल्ट्रासॉनिक कंपनांनी उलटा फिरवत बाहेर येतो आणि इम्प्लांट वाचतो. इम्प्लांटच तुटला तर मात्र बहुतेक वेळा तो हाडातून काढावा लागतो. कॅप हलत असेल तर अपॉइंटमेंट मिळेपर्यंत त्या बाजूने चावू नका, आणि एक्स-रे काढताना जोडाच्या आजूबाजूचं हाड किती खाली गेलंय ते मुद्दाम बघायला सांगा.